एकवीस दिवसांची चिलापी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणपासून थोड्या अंतरावर, गेली अकरा वर्षं मी मत्स्यबीज केंद्र चालवते. बीज एकाच माशाचं, तिलापियाचं. आमच्याकडे त्याला कुणी तिलापिया म्हणत नाही, चिलापी म्हणतात. परवान्याच्या कागदावर तिलापिया लिहायचं आणि दाराबाहेर आलं की चिलापी म्हणायचं, ही सवय आता अंगवळणी पडली आहे. या चिलापीच्या पिल्लांना पहिले एकवीस दिवस खाद्यातून नर-संप्रेरक देतात. जी पिल्लं पुढे माद्या झाली असती तीही त्यामुळे नर होतात. शिकत असताना हा विषय माझ्या वहीत दीड पानात मावला होता. त्या दीड पानाचा अर्थ लागायला मला इतकी वर्षं लागली, आणि काही ओळी अजून राहिल्याच आहेत. जे उमगलं ते आठवेल तसं लिहिते आहे.

१. तळं माशांनी भरलं म्हणजे पीक आलं असं नसतं. वडिलांच्या मातीच्या शेततळ्यात पहिल्यांदा चिलापी सोडली तेव्हा बीज कुठलं, त्यात नर किती, माद्या किती, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. सहा महिन्यांनी तळं उपसायला घेतलं. पाणी गुडघ्यावर आलं तसं सगळं तळं खळबळायला लागलं, आणि काठावर उभे असलेले वडील हसायला लागले. जाळं ओढलं तर आत बोटाएवढे मासे, हजारोंनी. विकण्याजोगे मोजके. व्यापाऱ्याने एक पाटी उचलून पाहिली, परत खाली ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे कोंबड्यांना घाला."

झालं होतं ते असं. चिलापी तीन महिन्यांतच वयात येते. नर तळाच्या मातीत वाटीसारखा खळगा करतो, मादी तिथे अंडी घालते, नराने ती फळवली की मादी ती उचलून तोंडात ठेवते. अंडी फुटून पिल्लं पोहती होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, ती जवळजवळ काही खात नाही. पिल्लं सुटली की थोडे दिवस पोट भरते आणि पुन्हा तेच. तिचं सगळं बळ गाभोळीत जातं, अंगाला लागत नाही. आणि तिची पिल्लं त्याच तळ्यात, त्याच खाद्यावर तुटून पडतात. वडील सहा महिने ज्यांना पेंड घालत होते ते मासे त्यांनी विकत आणलेलेच नव्हते. नुसते नर ठेवले तर हा सगळा गुंता सुटतो आणि मासाही लवकर वजन धरतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी हे लिहून गुण मिळवले होते. त्या दिवशी वडिलांनी ती पाटी उचलून मुकाट्याने उकिरड्याकडे नेली, तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं.

२. आईच्या तोंडातून अंडी काढणं हे काम हाताला सवयीचं होतं, मनाला होत नाही. पैदाशीच्या टाक्यांत आम्ही जाळीचे हापे लावतो. एका नरामागे तीन माद्या. दर सात दिवसांनी हापा एका कडेला गोळा करायचा, मादीला ओल्या हाताने अलगद धरायची, अंगठ्याने खालचा जबडा दाबायचा आणि तोंड पाण्याच्या घमेल्यावर झुकवायचं. मग अंडी घरंगळतात, पेरूच्या बियांएवढी, एका टोकाला निमुळती. नुकतीच घातलेली असली तर पिवळी, तीन-चार दिवसांची असली तर तपकिरी, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. ते डोळे. काही माद्या लगेच सोडून देतात. काही जबडा इतका घट्ट आवळतात की बोटाला त्यांची कड लागते. एक तर घमेल्यात सोडल्यावर खाली जाऊन तिथली अंडी परत उचलायला लागली होती. त्या दिवशी मी तिला आणि त्या अंड्यांना तसंच टाकीत परत सोडलं. माझ्याबरोबर काम करणारी मावशी काही बोलली नाही, तिने फक्त घमेलं बदललं.

अंडी काढून घेतली की मादी लवकर खायला लागते आणि लवकर पुन्हा अंडी घालते. धंद्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण खरं कारण पुढच्या कामात आहे. एकाच दिवसाची अंडी, एकाच वेळी फुटलेली पिल्लं हाती आली नाहीत तर ते एकवीस दिवस वाया जातात. अंडी तोंडातून काढून बरण्यांत फिरत्या पाण्यावर उबवायची ही पद्धत थायलंडच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८०च्या दशकात बसवली गेली आणि तिथून आशियाभर गेली. थायलंडात हा मासा पोचला त्याची गोष्ट मला फार आवडते. १९६५ साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी राजा भूमिबोल यांना नाईल तिलापियाचे पन्नास मासे भेट पाठवले. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. चित्रलदा राजवाड्याच्या तळ्यात ते मासे वाढवले आणि पुढच्याच वर्षी दहा हजार बोटुकली मत्स्य खात्याला दिली. पुढे १९८८मध्ये फिलिपिन्समध्ये इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलहून आणलेले रानटी मासे आणि आशियातले पाळीव मासे यांच्यातून निवड करत 'गिफ्ट' नावाचं वाण घडायला लागलं. त्या पाळीव माशांत थायलंडचेही होते. माझ्या टाक्यांत आहे ते हेच वाण. म्हणजे मी ज्या मादीचा जबडा दाबते तिच्या रक्तात राजवाड्याचं तळं थोडं तरी असणार.

३. नर किंवा मादी असणं ही माशाच्या बाबतीत जन्माबरोबर शिक्का मारलेली गोष्ट नसते. मला याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला होता, आणि तो पुरता ओसरला आहे असं अजूनही म्हणता येत नाही. आपल्यासारखंच नाईल तिलापियातही एक्सएक्स म्हणजे मादी आणि एक्सवाय म्हणजे नर. पण हे झालं आराखड्यापुरतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लात जननग्रंथीच्या जागी जे असतं ते धड अंडाशय नसतं, धड वृषण नसतं. पुढच्या काही आठवड्यांत ते एका वाटेने जातं. त्या दिवसांत शरीरात स्त्री-संप्रेरक तयार झालं तर मादी, नाही झालं तर नर. आम्ही बाहेरून पुरुष-संप्रेरक देतो तेव्हा ती वाट नराकडे वळते. एकदा ग्रंथी ठरली की मग कितीही औषध घाला, उपयोग नाही. तापमानाचंही तसंच आहे. या कोवळ्या दिवसांत पाणी छत्तीस अंशांच्या वर राहिलं तर नुसत्या उष्णतेनेही नरांचं प्रमाण वाढतं. सोलापूर जिल्ह्याच्या वेशीवर राहणाऱ्या माणसाला हे वाचून जरा वेगळंच वाटतं.

हे सगळ्यात आधी पक्कं दाखवलं ते जपानच्या नागोया विद्यापीठातल्या तोकिओ यामामोतो यांनी. भातखाचरात राहणाऱ्या मेडाका नावाच्या इवल्या माशावर. त्यांच्याकडे असं वाण होतं की त्यात मादी पांढरी आणि नर केशरी. म्हणजे जन्मतः कोण काय होतं ते रंगावरूनच दिसायचं. १९५३ साली त्यांनी केशरी माशांना अंडी घालायला लावली आणि १९५८ साली पांढऱ्या माशांचे नर केले, आम्ही खाद्यातून देतो त्याच मिथाइल टेस्टोस्टेरॉनने. तिलापियावर हा प्रयोग १९६८ साली अमेरिकेत क्लेमेन्स आणि इन्सली यांनी केला. ते पांढरे नर माझ्या डोळ्यांसमोर येतात तेव्हा वाटतं, यामामोतोंनी ते टाकीत पोहताना पहिल्यांदा पाहिले त्या संध्याकाळी त्यांना झोप लागली असेल का?

४. पिल्लाचं वय दिसत नाही, लांबी दिसते, आणि आपण लांबीला वय समजून बसतो. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मागणी एकदम वाढली. बरण्या कमी पडायला लागल्या, तेव्हा मी पैदाशीच्या तळ्याच्या कडेला पोहणारी पिल्लं झेल्याने गोळा केली आणि औषधाच्या हाप्यांत सोडली. सकाळच्या उन्हात काठाला ती ढगासारखी येतात, गोळा करायला सोपी. नियम असा की औषध सुरू करताना पिल्लू नऊ ते अकरा मिलिमीटरचं असावं, चौदा मिलिमीटरच्या वरचं चाळणीवर बाजूला काढून टाकावं. मी चाळणी लावली होती. पण घाईत लावली होती. पिल्लं खूप होती, गाडी संध्याकाळी यायची होती, आणि चाळणी हलवणाऱ्या मुलाला मी दोनदा म्हटलं, "अरे, पुरे, पुरे."

पाच महिन्यांनी करमाळ्याकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी बचत गटाचं कर्ज काढून तळं केलं होतं. आवाज शांत होता. "ताई, तळ्यात बारीक पिल्लं दिसतायत. तुमच्याकडचं बीज ना हे? मग पिल्लं कुठून आली?" मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांच्या समोर शंभर मासे जाळ्यातून काढले आणि एकेक उलटा करून पाहिला. तेवीस माद्या निघाल्या. तेवीस! ज्यांना मी नर म्हणून पैसे घेऊन विकलं होतं. उरलेले सत्त्याहत्तर त्या पिल्लांबरोबर खाद्य वाटून घेत होते. त्या बाईंनी मला चहा दिला. "चुकलं असंल," म्हणाल्या, "पण आम्हांला आधी कळायला पाहिजे होतं." बीजाचे पैसे मी परत केले. पाच महिन्यांच्या खाद्याचे मी देऊ शकत नव्हते, आणि त्यांनी मागितलेही नाहीत. त्यानंतर आजपर्यंत मी काठावरची पिल्लं औषधात घातलेली नाहीत. चाळणी मी स्वतः हलवते.

५. खात्री करायची तर मासा उलटा करावा लागतो. वीस-तीस ग्रॅमचा झाला की पोटाखालच्या परांच्या मागे, बोटाने पुसून एक थेंब शाई लावायची. नराला दोन छिद्रं दिसतात, मादीला तीन, मधली बारीक आडवी चीर. सवय झाली की मिनिटाला दहा-बारा मासे होतात. पण बीज विकायचं असतं ते याच्या कितीतरी आधी. म्हणून प्रत्येक खेपेतली काही पिल्लं थोडी वाढवून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. पाठीच्या कण्याखाली केसासारखी बारीक ग्रंथी असते. चिमट्याने ती काढायची, काचपट्टीवर ठेवायची, लाल रंगाचा थेंब टाकायचा, वर दुसरी काच ठेवून अंगठ्याने दाबायची. अंडाशय असला तर गोल गोल पेशी दिसतात, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या, प्रत्येकीत एक फिकट मध्यबिंदू. वृषण असलं तर नुसती बारीक रवाळ पूड. कधी कधी दोन्ही एकाच पट्टीवर दिसतं, रवाळ पुडीत दोन-तीन गोल घरं. औषध पोचलं, पण पुरतं पोचलं नाही. अशी पट्टी पाहिली की मी फार वेळ भिंगातून डोळा काढत नाही. ते पिल्लू अर्ध्या वाटेवर आहे, आणि वाट मी अडवली आहे.

६. काही प्रश्न आपण स्वतःला विचारलेले नसतात म्हणूनच ते आपल्याला कुणीतरी विचारतं. केंद्रावर सुरुवातीपासून असलेली मावशी साठीची आहे. पहिल्या वर्षी मी तिला सगळं समजावून सांगितलं, कशासाठी औषध, कशासाठी चाळणी. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे हितंबी पोरी नकोच म्हना." माझ्याकडे उत्तर तयार होतं, वजन, खाद्य, गाभोळी. मी ते दिलंही. तिने मान हलवली. पण तिला तीन मुली आहेत, आणि तिसरीच्या वेळी तिच्या सासरी काय झालं ते सगळ्या वस्तीला माहीत आहे. माझं उत्तर चुकीचं नव्हतं. ते तिच्या प्रश्नाचं नव्हतं, एवढंच.

नंतर कधीतरी पैदाशीच्या टाकीशी बसून ती माद्यांना खाद्य टाकत होती. या माद्या आम्ही निवडून ठेवलेल्या, प्रत्येकीचं वजन लिहिलेलं. आजारी पडली तर वेगळ्या टाकीत मिठाच्या पाण्यात ठेवतो. मावशी म्हणाली, "ह्या हायेत म्हून तुमचं दुकान चाललंय." हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. तिनेच मला सांगितलं.

७. मासा औषध एकवीस दिवस खातो, हात ते रोज कालवतात. याची मला फार उशिरा जाणीव झाली आणि ते आठवलं की अजून पोटात कालवतं. एक किलो खाद्याला साठ मिलिग्रॅम संप्रेरक लागतं. म्हणजे एका ग्रॅमात सोळा किलोहून जास्त खाद्य तयार होतं. पांढरी भुकटी, वास नाही. ती अल्कोहोलमध्ये विरघळवायची, बारीक चाळलेल्या खाद्यावर शिंपडायची, सगळीकडे सारखी लागेल अशी कालवायची, सावलीत वाळवायची आणि फ्रिजमध्ये अंधारात ठेवायची. कालवायचं काम बायका करायच्या. हाताने, जसं भाकरीचं पीठ मळतात तसं. मला त्यांचं कौतुक वाटायचं, कारण यंत्रापेक्षा त्यांच्या हाताचं मिश्रण एकसारखं यायचं.

चौथ्या वर्षी त्यांतली एक, नुकतं लग्न झालेली, एका सकाळी म्हणाली की तिला आता जड उचलायला नको. दिवस गेले होते. मी अभिनंदन केलं, हसले, आणि मग माझी नजर तिच्या हातांवर गेली. कोपरापर्यंत खाद्य लागलेलं. जे द्रव्य मादी पिल्लाचा नर करतं ते गर्भारपणात मुलीच्या गर्भालाही बाधू शकतं, ते कातडीतून अंगात जातं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं! तिला मी त्याच क्षणी हात धुवायला पाठवलं आणि त्या दिवसापासून तिचं काम बदललं. मग डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी स्वतः गेले आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. पुढे तिला मुलगी झाली, धडधाकट, आता शाळेत जाते. ती सुखरूप झाली यात माझं काही कर्तृत्व नाही. आता कालवणं फिरत्या पिंपात होतं, हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय त्या खोलीत कुणी जात नाही, आणि अंगावर पोर असलेली किंवा पोटुशी बाई त्या खोलीच्या दारातही उभी राहत नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पिल्लांच्या लांबीवर मी जितकं लक्ष दिलं त्याच्या निम्मंही या हातांवर दिलं नव्हतं.

८. भीतीला आकड्यांनी उत्तर देता येतं, पण आधी ती नीट ऐकावी लागते. पुण्याची माझी धाकटी जाऊ एकदा जेवायला बसली असताना म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण हा हार्मोनचा मासा ना? मुलांना द्यावा का?" मला राग आलाच. मी तिला तिथल्या तिथे हिशेब सांगितला. औषध थांबतं तेव्हा पिल्लू अर्ध्या ग्रॅमचंही नसतं. ताटात येतो तो अर्धा किलोचा मासा, त्यानंतर पाच-सहा महिने साध्या खाद्यावर वाढलेला. औषध थांबल्यावर काही दिवसांतच ते पिल्लाच्या अंगातून निघून जातं. मासा नर असतो म्हणून त्याच्यात ते औषध असतं असं नाही. भिंत उभी राहिली की परांच्या काढून नेतात, तसं हे. तिला पटलं, तिने मुलाला वाढलं.

रात्री मात्र माझ्या डोक्यात तिचाच प्रश्न घोळत राहिला. तिने मासा धरला होता, आणि माशाबद्दल माझं उत्तर ठाम होतं. पण न खाल्लेलं खाद्य कुठे जातं? पिल्लांची विष्ठा कुठे जाते? हे तिने विचारलं असतं तर त्या वर्षी माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताटाची काळजी सगळे करतात. गटाराची करायला कुणीतरी हवं होतं, आणि ते गटार माझं होतं.

९. जे पाणी आपण सोडून देतो ते आपल्याला सोडत नाही. संप्रेरक पाण्यातून लवकर कमी होतं, पण तळाच्या गाळात ते काही आठवडे टिकतं, आणि खाली उजनीचं पाणी आहे. त्यात मरळ आहे, वाम आहे, बेडूक आहेत, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी आहेत. माशांच्या आणि बेडकांच्या पिल्लांच्या त्या कोवळ्या आठवड्यांत आमचं पाणी जाऊन मिसळलं तर? म्हणून मातीच्या तळ्यातले औषधाचे हापे मी बंद केले आणि सगळं काम सिमेंटच्या टाक्यांत आणलं. टाक्यांचं पाणी आधी गाळाच्या खड्ड्यात, मग खडी-वाळूच्या गाळणीत जातं. त्या खडीवर वाढलेले जिवाणू हे द्रव्य फोडतात. तिथून पाणी पुन्हा टाक्यांत फिरतं. वरचं जे काढावं लागतं ते उसाला नाही, काठाच्या सुबाभळीला. पैसे लागले. दोन वर्षं नफा दिसला नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका व्यावसायिकाने मला विचारलं, हे कुणी तपासायला येतं का? नाही येत, म्हटलं. मग? मी त्यांना खड्ड्याकडे नेलं आणि गाळ दाखवला. एका हंगामात केवढा साठतो ते पाहून ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

१०. आपण घडवलेला नर आतून मादीच असतो, आणि ते कधी ना कधी वर येतं. औषधाने नर झालेल्या एक्सएक्स माशाचा साध्या मादीशी संयोग झाला तर होणारी पिल्लं जवळजवळ सगळी माद्या. बापाकडे द्यायला वाय नसतोच. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कागदावर दोनदा मांडून पाहिलं. याच हिशेबाची उलटी बाजू वापरून वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या आणि फिलिपिन्सच्या शास्त्रज्ञांनी वायवाय नर तयार केले. आधी एक्सवाय पिल्लांना स्त्री-संप्रेरक देऊन अंडी घालणाऱ्या माद्या करायच्या, त्यांचा साध्या नराशी संयोग करायचा, पिल्लांत चौथा हिस्सा वायवाय निघतो. हा वायवाय साध्या मादीबरोबर ठेवला की पिल्लं नर, कुठल्याही औषधाशिवाय. जो मासा बाजारात जातो त्याला आयुष्यात संप्रेरकाचा एक कणही मिळालेला नसतो. औषध लागतं ते दोन पिढ्या आधीच्या मूठभर माशांना. प्रत्यक्षात शंभरातले शंभर नर मिळतातच असं नाही, कारण तिलापियात एक्स-वायखेरीज इतर जनुकांचा आणि तापमानाचाही हात असतो. तरी मला ही वाट हवी आहे. त्या कालवायच्या खोलीला कुलूप लागावं, असं मला मनापासून वाटतं.

११. चिलापी इथली नाही, आणि तिला आता इथून कुणी काढू शकत नाही. आपल्या देशात मोझांबिक तिलापिया १९५२ साली श्रीलंकेहून आला आणि त्याची वाढ पाहून १९५९मध्ये त्यावर बंदी आली. पण तोवर तो तळ्यांतून, कालव्यांतून पसरला होता. नाईल तिलापिया नंतर आला. आता सरकारी सूचनांप्रमाणे परवाना घेऊन, नुसते नर किंवा वांझ मासेच पाळायचे आहेत, तळ्यावर पक्ष्यांसाठी जाळं आणि पाण्याच्या वाटेवर जाळी लावायची आहे. नुसते नर ठेवायचे ते निव्वळ वजनासाठी नाही, सुटलेल्या माशाने बाहेर वंश वाढवू नये म्हणूनही. हे कारण मी सुरुवातीला शेतकऱ्यांना शेवटी सांगायचे. आता आधी सांगते.

फुगवट्यावर मासे धरणारे एक आजोबा कधी कधी केंद्रावर येऊन बसतात. ते सांगतात, धरण भरलं तेव्हा जाळ्यात काय काय यायचं, आणि बोटांवर नावं मोजतात. आता चिलापी येते, म्हणतात, तिच्यावरच घर चालतं, तिला नावं ठेवून कसं चालेल? गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला ते सकाळी लवकर आले. टोपलीत ओल्या गोणपाटाखाली एक मासा होता, जिवंत. शेपटीवर उभे पट्टे, म्हणजे नाईल. दीड वितीचा. मी टोपलीजवळ बसले तेव्हा आजोबांनी त्याचा जबडा अंगठ्याने दाबला, अगदी आम्ही दाबतो तसा, आणि त्यांच्या तळहातावर अंडी घरंगळली. तपकिरी, प्रत्येकात दोन काळे ठिपके.

"ही तुमच्याकडची का हो, ताई?" त्यांनी विचारलं. स्वरात दोष नव्हता, त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या टाक्यांतल्या माद्यांसारखीच होती. पण फुगवट्यावर बीज तयार करणारी मी एकटी नाही, आणि तिच्या आईची आईही कदाचित याच पाण्यात वाढलेली असेल. मला सांगता आलं नाही, आणि तेच मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, अंडी परत तिच्या तोंडाशी नेली, ती घेईना, मग पाण्यात सोडून दिली. ते गेल्यावर मी आणि मावशी पाणी बाहेर जातं त्या वाटेवरच्या तिन्ही जाळ्या उपसून काढल्या, उन्हात धरल्या आणि एकेक भोक बोटाने चाचपत बसलो. मधल्या जाळीच्या कोपऱ्यात, चौकटीला लागून, करंगळी जाईल एवढी उसवण होती.